रक्त, पुरावा आणि आश्वासन
(एका प्रथिनाचा इतिहास)



काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाने मला एक प्रश्न विचारला. त्याचे चाचा अमेरिकेत नोकरीस होते. तेथे ते रक्तदानासाठी गेले असता त्यांना परत पाठविण्यात आले. प्रकृती उत्तम, कसलेही दुखणे नाही. त्यांना एवढेच विचारण्यात आले, की १९८० ते १९९६ या काळात आपण इंग्लंडात राहिला होता काय? चाचा त्या काळात काही वर्षे तेथे होते. झाले, रक्त घेतले गेले नाही. "सर, इंग्लंडात राहिल्याने रक्त खराब होते का?" असे त्या मुलाने विचारले आणि सारा वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही, कारण मला उत्तर येत नव्हते.

मी इतिहासाचा शिक्षक. रक्ताचा विषय विज्ञानाच्या तासाचा, असे म्हणून तो प्रश्न मला दुसऱ्या शिक्षकाकडे ढकलता आला असता. पण प्रश्नात दोन सनावळ्या होत्या, आणि जेथे सन आला तेथे इतिहासाच्या शिक्षकाला पळवाट उरत नाही. म्हणून शोध घेतला. जे हाती लागले ते या अंकाच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहे.

मेंढ्यांचा रोग

या कथेची सुरुवात माणसापासून नव्हे, मेंढ्यांपासून होते. युरोपातील मेंढपाळांना अठराव्या शतकापासून एक रोग ठाऊक होता. मेंढीला खाज सुटे, ती कुंपणाला अंग घासून लोकर झिजवी, पुढे तिचा तोल जाई आणि अखेर ती मरे. अंग घासण्यावरून इंग्रजांनी या रोगाला 'स्क्रेपी' असे नाव दिले. १९३६ साली क्युये आणि शेल या दोन फ्रेंच पशुवैद्यांनी सिद्ध केले, की रोगी मेंढीच्या मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा अंश निरोगी मेंढीला टोचला तर तिलाही हा रोग होतो. फक्त एक-दोन वर्षे वाट पाहावी लागते.

त्याच सुमारास स्कॉटलंडात मेंढ्यांच्या दुसऱ्याच एका रोगावरील लस पुष्कळ मेंढ्यांना टोचण्यात आली होती. लस मेंढ्यांच्याच मेंदूपासून बनविली होती आणि जंतू मरावेत म्हणून तिच्यात फॉर्मॅलिन घातले होते. पुढे लस टोचलेल्या मेंढ्यांत स्क्रेपी दिसू लागला. याचा अर्थ असा, की या रोगाचे जे काही मूळ होते ते फॉर्मॅलिनलाही दाद देत नव्हते. ज्या औषधात माणसाचे प्रेत वर्षानुवर्षे टिकवून ठेवतात आणि ज्यात सामान्य जंतू जगू शकत नाहीत, त्यातूनही ते सुखरूप बाहेर पडले. ही पहिली सूचना होती. फारच थोड्यांनी ती मनावर घेतली.

डोंगरातील आया

आता आपण पॅसिफिक महासागरातील पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात जाऊ. तेथे फोरे नावाची एक जमात राहते. विसाव्या शतकाच्या मध्यास या जमातीत एक भयंकर रोग माजला होता. माणसाचे पाय लटपटत, अंग थरथरे, बोलणे अडखळे, आणि वर्षभरात मृत्यू येई. फोरे भाषेत थरथरण्यासाठी जो शब्द आहे, त्यावरून या रोगाला 'कुरु' म्हणत. (महाभारतातील कुरूंशी याचा काहीही संबंध नाही.) रोग जोरात असताना वर्षाला सुमारे दोनशे माणसे दगावत. त्यात बहुतेक बायका आणि मुले असत. काही गावांत बायकांची संख्या इतकी घटली, की आईविना मुले सांभाळण्याची पाळी बापांवर आली.

१९५७ साली व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गाजदुसेक या डॉक्टरांनी या रोगाची माहिती जगापुढे मांडली. रोग वंशातून येतो, असा प्रथम तर्क झाला. फोरे लोक स्वतः त्याला चेटूक समजत. पण १९६१ पासून रॉबर्ट ग्लास आणि शर्ली लिंडनबॉम या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी तेथे राहून एक साधे काम केले. ते म्हाताऱ्या माणसांजवळ बसले आणि त्यांना विचारीत गेले: तुमच्या लहानपणी हा रोग होता का? प्रथम कोणत्या गावी दिसला? कोणाची आई, कोणाची बहीण गेली? त्या आठवणींतून निघाले ते असे, की रोग फार जुना नाही, काही दशकांपूर्वीच तो या मुलखात शिरला आहे. वंशपरंपरेचा रोग एवढ्या झपाट्याने पसरत नाही. मग त्यांनी त्याचा संबंध एका चालीशी जोडला. त्या जमातीत मेलेल्या आप्ताचे शरीर मातीत कुजू न देता घरच्यांनीच खाण्याची रीत होती. मेंदू बायकांच्या आणि त्यांच्याजवळील लहान मुलांच्या वाट्यास येई. मोठे पुरुष त्यापासून बहुधा दूर राहत.

मित्रांनो, हे वाचून अंगावर काटा येतो. पण तेवढ्यावर त्या लोकांना रानटी ठरवून मोकळे होऊ नका. त्यांच्या दृष्टीने तो मृताला दिलेला अखेरचा मान होता. आईवरील मायेपोटी लेकीने जे केले, त्यातूनच तिचा काळ आला. हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि ते कोणाला ठाऊकही नव्हते.

यानंतरचा दुवा जुळला तो लंडनमधील एका प्रदर्शनात. विल्यम हॅडलो या अमेरिकन पशुवैद्याने तेथे कुरु रोग्यांच्या मेंदूची चित्रे पाहिली. मेंदूत स्पंजासारखी छिद्रे दिसत होती. स्क्रेपीने मेलेल्या मेंढीच्या मेंदूत नेमके हेच दिसते, हे त्याच्या ध्यानात आले. १९५९ साली त्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात पत्र लिहून सुचविले, की मेंढ्यांप्रमाणेच कुरुचाही अंश माकडांना टोचून पाहावा आणि दीर्घकाळ थांबावे. गाजदुसेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले, आणि १९६६ साली चिंपांझींनाही तसाच रोग झाल्याचे प्रसिद्ध केले. गाजदुसेक यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९५० च्या दशकात ती चाल बंद झाली. १९६० नंतर जन्मलेल्या कोणालाही कुरु झाल्याची नोंद नाही. तथापि आधी लागण झालेली काही माणसे या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मरत राहिली. म्हणजे रोग माणसाच्या शरीरात चाळीस-पन्नास वर्षे गुपचूप बसू शकतो! वाचकहो, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

शत्रू घरचाच

पण हा रोग कशाने होतो? जंतू सापडत नव्हता, विषाणूही सापडत नव्हता. १९६० च्या दशकात लंडनमध्ये टिक्वा आल्पर या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले, की ज्या किरणांनी विषाणूंचा नाश होतो त्यांनी स्क्रेपीचे मूळ नाश पावत नाही. १९८२ साली अमेरिकेत स्टॅन्ली प्रुसिनर यांनी धाडसाने सांगितले, की हे मूळ म्हणजे जंतू नव्हे, नुसते प्रथिन आहे. त्याला त्यांनी 'प्रिऑन' असे नाव दिले. निर्जीव प्रथिन रोग कसा पसरवील, म्हणून पुष्कळांनी त्यांची टिंगल केली. त्यांना नोबेल मिळाले ते १९९७ साली.

खरे आश्चर्य १९८५ साली उघडकीस आले. हे प्रथिन बनविणारे जनुक निरोगी प्राण्यांच्या आणि माणसांच्याही शरीरात असल्याचे दिसून आले. आपल्या सर्वांच्या अंगात प्रिऑन प्रथिन आहे. त्याची नेहमीची घडी असते तोवर ते निरुपद्रवी असते. मात्र त्याची घडी चुकली, तर चुकीच्या घडीचे प्रथिन आपल्या शेजारच्या नीट प्रथिनालाही तशीच चुकीची घडी घालते. एकाचे दोन, दोनाचे चार असे होत होत मेंदू पोखरला जातो. १९९३ साली हे प्रथिनच नसलेल्या उंदरांना स्क्रेपी टोचून पाहण्यात आला. त्यांना रोग झाला नाही. चोराला घरातच साथीदार हवा होता, आणि तो तेथे नव्हता.

हे प्रथिन केवळ मेंदूतच असते असे नाही. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी माणसाचे रक्त तपासले, तेव्हा ते पांढऱ्या पेशींवर, रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेटवर आणि रक्तद्रवातही मिळाले. रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस पेशींचे एक पातळ अस्तर असते. त्या पेशींच्या पृष्ठभागावरही ते असल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले. त्या पेशी मरतात तेव्हा त्यांचे सूक्ष्म कण हे प्रथिन घेऊन रक्तात मिसळतात, हेही त्याच वेळी दिसून आले. वेगवेगळ्या प्राण्यांच्या रक्तात या प्रथिनाची वाटणी वेगवेगळी आढळते, म्हणून उंदरावरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावणे बरोबर नाही, हेही कळले.

यातून एक मोठी अडचण उभी राहिली. देवी, कावीळ वगैरे रोगांत बाहेरचा शत्रू शरीरात शिरतो आणि आपले रक्त त्याच्याविरुद्ध लढाऊ द्रव्ये तयार करते. त्या खुणांवरून रोग ओळखता येतो. प्रिऑन मात्र घरचाच. त्याच्याविरुद्ध शरीर लढतच नाही, मग खूण कोठून मिळणार? रक्तात नीट घडीचे प्रथिन भरपूर, आणि वाईट घडीचे असलेच तर कणभर. एका रंगाच्या, एका आकाराच्या तांदळाच्या पोत्यातून एकच किडका दाणा हुडकावा, तसे हे काम. म्हणूनच त्या रक्तपेढीतील बाईंनी चाचांचे रक्त न तपासता त्यांना सन विचारला. जेथे तपासणी नव्हती, तेथे इतिहास विचारावा लागला!

इंग्लंडातील गाई

आता त्या दोन सनांकडे वळू. इंग्लंडात मेलेल्या जनावरांचे मांस व हाडे शिजवून, दळून त्यांची भुकटी गाईंच्या खाद्यात मिसळण्याची पद्धत होती. गवत खाणाऱ्या गाईला तिच्याच जातीचे मांस खावे लागत होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत गाईंचा नवा रोग ओळखला गेला. मेंदूत तीच स्पंजासारखी छिद्रे. लोक त्याला 'मॅड काऊ' म्हणू लागले. जुलै १९८८ मध्ये अशा खाद्यावर बंदी आली, पण ती काटेकोर पाळली गेली नाही. एकट्या १९९२ साली सदतीस हजारांवर गाई आजारी पडल्या. एकूण नोंद झालेल्या गाई १,८०,००० हून अधिक.

माणसाला याचा धोका आहे काय, असे लोक विचारू लागले. सरकारचे उत्तर ठरलेले होते: बीफ सुरक्षित आहे. मे १९९० मध्ये ब्रिस्टल येथे मॅक्स नावाचे एक सयामी मांजर याच प्रकारच्या रोगाने मेल्याचे जाहीर झाले आणि लोक धास्तावले. तेव्हा शेतीमंत्री जॉन गमर यांनी छायाचित्रकारांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बीफचा बर्गर धरला आणि स्वतःही खाल्ला. ते छायाचित्र जगभर गेले.

माणसाला धोका असल्याचा पुरावा त्या दिवशी नव्हता, हे खरे. पण धोका नसल्याचा पुरावा तरी कोठे होता? कुरुने शिकविले होते, की हा रोग दशके वाट पाहतो. असे असताना चार-पाच वर्षांत कोणी आजारी पडले नाही, यावरून काय सिद्ध होणार?

१९९५ साली एक १९ वर्षांचा युवक या नव्या रोगाने वारला. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी पार्लमेंटमध्ये सांगितले, की तरुण वयाच्या दहा रोग्यांत मेंदूचा नवा विकार आढळला आहे आणि त्याचा संबंध गाईंच्या रोगाशी असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. पुढे इंग्लंडात व त्याच्या शेजारील प्रांतांत मिळून १७८ माणसे या रोगाने गेली. त्यात कित्येक विशी-तिशीतील होती.

या साऱ्या प्रकरणाची चौकशी लॉर्ड फिलिप्स या न्यायाधीशांनी केली. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा अहवाल निघाला. सरकारने जाणूनबुजून खोटे सांगितले नव्हते, असा निर्वाळा त्यांनी दिला. लोक घाबरतील, या भीतीने सरकार वारंवार धीर देत राहिले, आणि ती चूक होती, असेही त्यांनी नोंदविले. लोकांना जेव्हा खरे कळले, तेव्हा त्यांना आपण फसविले गेलो असे वाटले.

देणाऱ्याचा दोष नव्हता

आणि आता रक्त. ज्याला लागण झाली आहे पण ज्याला ते ठाऊकही नाही, अशा माणसाने रक्तदान केले तर? या वेळी ब्रिटनने पुराव्याची वाट पाहिली नाही. १९९८ साली ठरविण्यात आले, की दान केलेल्या प्रत्येक पिशवीतील पांढऱ्या पेशी गाळून काढाव्यात, आणि १९९९ अखेर ही पद्धत सर्वत्र सुरू झाली. औषधांसाठी लागणारा रक्तद्रवही परदेशातून आणण्यास सुरुवात झाली. तेव्हा रक्तातून हा रोग पसरलेला एकही माणूस ठाऊक नव्हता. इतका खर्च कशासाठी, असे म्हणणारेही होते.

२००० साली मेंढ्यांवरील प्रयोगात रक्तातून रोग जातो असे दिसले. डिसेंबर २००३ मध्ये पहिला माणूस समोर आला. १९९६ साली त्याला रक्त देण्यात आले होते. ते रक्त देणारा तरुण त्या दिवशी अगदी निरोगी होता. तीन वर्षांनंतर तो आजारी पडला आणि वारला. रक्त घेणाऱ्यास साडेसहा वर्षांनी तोच रोग झाला. पुढे आणखी तीन जणांत रक्तातून आलेली लागण सापडली. त्यांपैकी एकाला रोग झालाच नव्हता. तो दुसऱ्याच कारणाने वारला, आणि लागण त्याच्या प्लीहेत लपलेली मिळाली. चौघांनाही मिळालेले रक्त न गाळलेले होते. गाळण्याची पद्धत सुरू झाल्यानंतर दिलेल्या रक्तातून ब्रिटनमध्ये कोणाला हा रोग झाल्याची नोंद नाही.

गाळणी परिपूर्ण होती असेही नाही. हॅमस्टर या प्राण्यावरील प्रयोगात गाळल्याने रक्तातील लागण सुमारे ४२ टक्केच कमी झाली, बाकीची रक्तद्रवात राहिली. २००४ पासून ब्रिटनमध्ये, ज्यांना १९८० नंतर स्वतःला रक्त घ्यावे लागले, त्यांना रक्तदान करण्यास मनाई झाली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांनी त्या काळात इंग्लंडात राहिलेल्यांचे रक्त घेणे थांबविले. आपल्याकडून नोकरी-शिक्षणासाठी इंग्लंडात गेलेली आणि पुढे तिकडे स्थायिक झालेली कितीतरी माणसे या नियमात सापडली. चाचा त्यांपैकीच एक.

त्या तरुण रक्तदात्याचा मी पुष्कळदा विचार करतो. त्याने एक पुण्यकर्म केले. त्याची नियत साफ होती, शरीरही त्याला निरोगी वाटत होते. डोंगरातील त्या लेकीप्रमाणेच, मायेने दिलेल्या किंवा घेतलेल्या गोष्टीत काय लपले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला कोणी दोष देऊ शकत नाही. परंतु ज्यांच्याकडे जाणण्याची साधने होती, त्यांची जबाबदारी मोठी होती.

आपल्यासाठी धडा

विद्यार्थी मित्रांनो, हा सारा इतिहास सांगण्यामागे माझा हेतू आपणास भिवविण्याचा नाही. रक्तदान करू नये, असा अर्थ तर कोणी मुळीच काढू नये. रक्ताविना रोज माणसे मरतात, आणि त्यांना वाचविणारे दुसरे काही नाही. रक्तपेढीत प्रश्न विचारले जातात ते आपला अपमान करण्यासाठी नव्हे, तर तिकडे खाटेवर पडलेल्या अनोळखी माणसासाठी. त्यांची खरी उत्तरे देणे हाही दानाचाच भाग आहे.

माझे सांगणे एवढेच, की "धोका असल्याचा पुरावा नाही" आणि "धोका नाही" ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्यात प्रामाणिकपणा आहे, दुसऱ्यात पुष्कळदा उतावीळपणा असतो. मंत्रिमहोदयांनी पहिल्या वाक्याच्या जागी दुसरे म्हटले आणि विश्वास गमावला. रक्तपेढ्यांनी पहिलेच वाक्य धरून ठेवले, त्यानुसार काळजी घेतली, आणि कित्येक जीव वाचले असावेत. घरात, शाळेत, जमातीच्या कारभारातही कोणी आपल्याला आश्वासन दिले, की नम्रपणे विचारावे: हे आपल्याला कशावरून ठाऊक? आणि आपण स्वतः आश्वासन देताना, विशेषतः आपल्या मुलांना देताना, हाच प्रश्न आधी स्वतःला विचारावा. "मला अजून माहीत नाही" असे मुलापुढे म्हणण्यात बापाची किंवा शिक्षकाची मान खाली जात नाही.

त्या मुलाला मी त्या दिवशी तेच म्हटले होते: "मला माहीत नाही, शोधून सांगतो." पुढे सांगितलेही. आज त्यात एक भर घालता येते. वर्षे लोटली, रोगी जवळजवळ थांबले, पुरावा साचला, आणि २०२२ साली अमेरिकेने तो नियम उठविला. ऑस्ट्रेलियानेही त्याच वर्षी उठविला. खबरदारीने बंद केलेले दार पुराव्याने उघडले. इंग्लंडात राहिल्याने चाचांचे रक्त खराब झाले नव्हते. त्याबद्दल खात्रीने बोलण्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, आणि तसे कबूल करण्याचे धैर्य त्या रक्तपेढीने दाखविले होते, एवढेच.